न बसलेले डंख

चिमटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण मधमाशी-उपचार केंद्रातल्या माणसांना तिच्या नावाशी घेणंदेणं नव्हतं, तिच्या हातातल्या चिमट्याशी होतं. खिडकीजवळ एक स्टूल, समोर पांढरा पत्रा ठोकलेलं टेबल, टेबलावर जाळीची डबी, डबीत चाळीस-पन्नास मधमाश्या. शेजारी कापूस, स्पिरिटची बाटली, आणि बरणीचं एक जुनं झाकण. ते झाकण मेलेल्या माश्या टाकायला.

तिचं काम ऐकायला सोपं. डबीतली एक माशी चिमट्यात धरायची, रुग्णाच्या दुखऱ्या सांध्यावर टेकवायची आणि तिला डसू द्यायचं. मधमाशी एकदाच डसते. नांगी कातडीत रुतते, विषाची पिशवी पोटातून उपटून तिच्याबरोबर येते, आणि माशी मरते. माणसाचा गुडघा बरा होवो न होवो, माशी मरते एवढं नक्की.

हे काम कुणालाही जमत नाही. माशी सैल धरली तर उडते, घट्ट धरली तर चिरडते. चिमटाबाईचा हात असा होता की माशीला कळायच्या आत ती डसून मोकळी झालेली असायची. आठ वर्षांत हजारो माश्या त्या हातातून गेल्या. गुडघे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या दारातूनच विचारायच्या, "बाई आहे का आज? नसेल तर मी उद्या येते." त्या बोलण्यावर ती आठवडाभर जगायची.

हा हात तिला नवऱ्याकडून मिळाला. नवरा मधपेट्या पाळायचा, चाळीस पेट्या होत्या. तो डंखाच्या उपचाराला हसायचा. म्हणायचा, "माशी मध देते ते घ्यावं. तिचा जीव घेऊन आपला गुडघा कशाला चोळायचा?" मधाबद्दल मात्र तो फाटे फोडायचा नाही. खोकल्याला चमचाभर चाटा, किरकोळ भाजलं तर स्वच्छ मधाची पट्टी बांधा, वर्षाच्या आतल्या लेकराला मात्र बोटभरसुद्धा चाटवू नका. एवढंच त्याचं वैद्यक. आणखी एक गोष्ट तो सांगायचा, तीही अनुभवाची. पाय मोडून तो एकदा अख्खा हिवाळा खाटेवर होता. बरा होऊन पेटी उघडली, एकच माशी डसली, आणि जन्मभर डंख खाल्लेला हा गडी घशाला हात लावून खाली बसला. इंजेक्शनावर वाचला. तेव्हापासून त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "चार महिने माशीपासून लांब राहिलास की तू नवा. नव्याने एकापासून सुरू कर, आणि अर्धा तास त्याच्या तोंडाकडे बघत बस."

नवरा गेला तो ट्रकखाली, माशीचा त्यात काही दोष नव्हता. पेट्या केंद्राच्या मालकाने नेल्या आणि पेट्यांबरोबर बाईलाही.

मालक आधी पाण्याचे फिल्टर विकायचा. मग तीन आठवड्यांचा कुठलासा वर्ग करून आला आणि दारावर पाटी लावली : मधमाशी-उपचार तज्ज्ञ. पाटी रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. कामावरची माणसं त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे तज्ज्ञ. भिंतीवर त्याने संधिवातापासून टकलापर्यंत अठरा रोगांची यादी टांगली होती. चिमटाबाई एकदा झाडू मारणारीला म्हणाली होती, "एकोणिसावा राहिला. खोटं बोलण्याचा."

"त्याला डंख कुठे देणार?"

"जिभेवर."

दोघी पोट धरून हसल्या होत्या. असे दिवसही होते.

चिमटाबाईला मूलबाळ नव्हतं. होती ती धाकटी बहीण. नवऱ्याने टाकलेली, एका मुलीला घेऊन शिवणयंत्रावर आयुष्य काढलेली. जिभेची तिखट, स्वभावाची हट्टी. पन्नाशीला येता येता तिची बोटं सांध्यांतून सुजून वाकडी व्हायला लागली. सकाळी कात्री बोटांत शिरेना. शिवणारणीची बोटं गेली म्हणजे ती बसूनच गेली. मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिचं पोट जाळलं, त्या तिने बंद केल्या. मग चिमटाबाईने तज्ज्ञाच्या हातापाया पडून बहिणीला फुकटची जागा मिळवली. गरिबांसाठी चार जागा ठेवल्यात असं तो फलकावर लिहायचा. त्यातल्या तीन त्याच्या नातेवाइकांना होत्या.

धाकटी दर आठवड्याला येऊ लागली. एका डंखापासून सुरुवात झाली आणि वाढत वाढत आठावर गेली. विषाने म्हणा, विश्वासाने म्हणा, की बहीण आठवड्यातून एकदा हात हातात घेऊन बसते म्हणून म्हणा, बोटांची सूज उतरली. धाकटी पुन्हा कात्री चालवू लागली. पहिला सदरा शिवून झाला तेव्हा ती तो घेऊन केंद्रात आली आणि सगळ्यांसमोर बहिणीच्या अंगाला लावून बघत म्हणाली, "तुझ्या मापाचा नाही, घाबरू नकोस. एवढं कापड कुणाकडे आहे?"

मग धाकटीच्या मुलीचं बाळंतपण आलं. लेकरू दिवस भरायच्या आधीच झालं, तळहाताएवढं. धाकटी शिवणयंत्र बहिणीच्या खोलीवर ठेवून तिकडे गेली ती पंधरा दिवसांच्या बोलीवर, आणि राहिली पाच महिने.

केंद्राचा नियम होता. फुकटचा रुग्ण तीन आठवडे आला नाही की कार्ड रद्द, जागा दुसऱ्याला. प्रत्येक रुग्णाचं पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. त्यावर तारीख, डंख किती, कुठे, त्रास काय. भरायची चिमटाबाई. महिनाअखेरीस तज्ज्ञ सगळ्या कार्डांवर सही ठोकायचा, बघायचा फक्त पैसे देणाऱ्यांची. तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी चिमटाबाईने बहिणीचं कार्ड समोर घेतलं, जरा वेळ पेनाचं टोक चावलं, आणि लिहिलं : डंख आठ, दोन्ही हात, त्रास नाही.

मागचे दोन रिकामे गुरुवारही तसेच भरले. पुढच्या गुरुवारी पुन्हा लिहिलं. दर महिन्याला एक डंख वाढवायचा, असाही नियम होता. आकडा आठावरच अडकला असता तर कुणाच्या तरी डोळ्यांवर आला असता. म्हणून तिने खोट्यातही नियम पाळला. आठाचे नऊ केले, नवाचे दहा. धाकटी तिकडे नातीची दुपटी धूत होती आणि इकडे कार्डावर तिला डंख बसत होते. पाचव्या महिन्यात ती बारावर पोचली. प्रत्येक ओळीपुढे : त्रास नाही.

यात चोरी कसली, असं चिमटाबाईला वाटायचं. एक रिकामी खुर्ची तेवढी राखून ठेवली होती. बहीण परत आली की एखाद्या शांत दिवशी, केंद्रात कुणी नसताना, गुपचूप एका डंखापासून सुरुवात करायची, अर्धा तास तोंडाकडे बघत बसायचं, हे तिने मनात पक्कं केलं होतं. नवऱ्याचं वाक्य ती विसरली नव्हती. दिवसही ठरला होता, शुक्रवारचा.

धाकटी बुधवारी आली. बोटं पुन्हा सुजलेली. गुरुवारी सकाळी दोघी बहिणी केंद्रात पोचल्या तर बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या.

"कोण येणार आहे?" चिमटाबाईने विचारलं.

तज्ज्ञाने केसांना तेल लावलं होतं. म्हणाला, "कारखान्याची कामगार-कल्याण समिती. पाच जण. आवडलं तर दोनशे कामगारांचे गुडघे आपल्याकडे. त्यांना डोळ्यांनी बघायचंय. मी रात्री सगळी कार्डं चाळली. एकसुद्धा आठवडा न चुकवलेली एकच बाई निघाली." त्याने कार्ड उंच धरलं. "तुझी बहीण."

चिमटाबाई त्याच्या आणि बहिणीच्या मध्ये उभी राहिली.

"आज दुसऱ्या कुणाला घ्या साहेब."

"का?"

"तिला बरं नाही."

"ताप आहे?"

"ताप नाही, पण..."

"पण काय?"

त्या 'पण'नंतरचं वाक्य पाच-सहा शब्दांचं होतं. ती पाच महिने आली नाही, एवढंच. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं असतं तर कार्ड गेलं असतं, जागा गेली असती, खोटं लिहिणाऱ्या बाईला आठ वर्षांच्या हातासकट रस्त्यावर काढली असती. आणि बहिणीची बोटं. तिने वाक्य गिळलं आणि त्याच्या जागी दुसरं काढलं.

"आज एकच लावते. मग अर्धा तास थांबू."

तज्ज्ञ हसला. "बारावर असलेल्या बाईला एक? त्या माणसांना काय दाखवू, टाचणी टोचलेली? बारा म्हणजे बारा. उपचार मी ठरवतो, तू चिमटा धर."

तिने बहिणीला बोळात ओढलं. "डोकं दुखतंय म्हण. भोवळ येतेय म्हण. काहीही म्हण आणि घरी जा."

"आणि जागा गेली म्हणजे?"

"मी बघते जागेचं."

"तू काय बघणार? तू त्याच्यासमोर उभी राहिलीस की तुझा आवाज वीतभर होतो." धाकटीने सुजलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढे नाचवली. "ही बघ. रात्री मला पोलक्याचं बटण निघालं नाही. पोरीने काढलं असतं, ती तिकडे. आठ खाल्लेत मी, बाराने काय मरणार आहे?"

"पाच महिन्यांचं अंतर पडलंय. तुझ्या भावजींचं ठाऊक आहे ना?"

"भावजी सगळ्यालाच घाबरायचे. तुला नाही का घाबरायचे?" म्हणून धाकटी हसत आत गेली आणि खुर्चीवर बसून दोन्ही हात टेबलावर पसरले.

समिती आली. चौघे पुरुष, एक बाई. तज्ज्ञाने भाषण केलं. विष म्हणजे औषध, औषध म्हणजे निसर्ग, निसर्ग म्हणजे आपण. मग कार्ड फिरवलं. चष्मेवाल्या सभासदाने तारखा बोटाने मोजल्या आणि मान डोलावली. "शिस्त आहे बाईंची."

चिमटाबाईने डबी उघडली.

माशीचं पोट मधोमध दाबलं की ती अर्धमेली होते, मग नांगी कातडीला लागते न लागते. शिकाऊ माणसाच्या हातून ही चूक होते. चिमटाबाईने ती आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम केली. पहिली माशी टेकवली, नुसती वळवळली, झाकणात टाकली. दुसरीही तशीच. बारा मुक्या माश्या टेकवून मोकळं व्हायचं, असा तिचा हिशेब.

चष्मेवाला पुढे वाकला. "अहो, ही डसलीच नाही. नांगी कुठंय?"

तज्ज्ञाचं हसू ओठांवर सुकलं. "बाई, नीट."

आणि धाकटी, सख्खी धाकटी, मान वर करून मोठ्याने म्हणाली, "ताई, म्हातारी झालीस का गं? हात थरथरतोय तुझा. लागतच नाहीये काही."

समितीतली बाई हसली. मग सगळेच हसले. झाडू मारणारीसुद्धा दारात उभी राहून हसली.

आठ वर्षांत त्या हाताला कुणी हसलं नव्हतं. माणसाची अब्रू कुठे राहील सांगता येत नाही. कुणाची मिशीत राहते, कुणाची घराच्या दारात. चिमटाबाईची दोन बोटांच्या टोकांत होती, आणि तिच्यावर पाच परकी माणसं हसत होती. तिने तिसरी माशी उचलली. ती नीट लागली. नांगी रुतली, पिशवी टिकटिकत राहिली, चष्मेवाला "अरे वा" म्हणाला. चौथी त्याहून नीट. बहिणीच्या तोंडाकडे बघायचं होतं, पण ती चिमट्याकडे बघत होती. पाचवी. सहावी.

"ताई," धाकटी म्हणाली, "तळहाताला खाज सुटलीय."

चिमटाबाईने वर पाहिलं. बहिणीचे ओठ जाड झाले होते. मानेवर लाल गांधी उठत होत्या. तिने चिमटा फेकला आणि नखाने भराभर नांग्या खरवडून काढल्या.

"साहेब, किल्ली."

इंजेक्शन केंद्रात होतं. असलंच पाहिजे म्हणून होतं. आतल्या कपाटात, कुलपात, आणि किल्ली तज्ज्ञाच्या खिशात.

"भोवळ आहे साधी," तज्ज्ञ लोकांकडे बघत म्हणाला. "होतं कधीकधी. विष काम करतंय. मध-पाणी द्या यांना."

"मध-पाणी नको. किल्ली द्या."

"हळू बोल." तो दात न उघडता म्हणाला. मग समितीकडे वळून, "चला, तोवर आपण बाहेर चहा घेऊ."

त्याने पाच माणसांना उठवलं, दारापर्यंत पोचवलं, दार लावलं, पडदा ओढला. भिंतीवरचं घड्याळ चिमटाबाईच्या समोर होतं. कुणीतरी खरोखरच मध-पाण्याचा पेला आणला. धाकटीच्या घशाखाली आता स्वतःची थुंकी उतरत नव्हती, मध कुठून उतरणार. ती बहिणीचं मनगट धरून होती. बोलायचं होतं, जीभ वळेना. तज्ज्ञाने कपाट उघडून सुई कपड्यावरूनच मांडीत खुपसली, तोवर सात मिनिटं झाली होती.

रुग्णालय दोन गल्ल्या सोडून होतं. सामानाच्या गाडीतून नेलं. तिथल्या डॉक्टरणीने छाती दाबली, आणखी सुया टोचल्या, मग हातमोजे काढले. तिने दोनच प्रश्न विचारले. इंजेक्शन किती वेळाने दिलं? आणि याआधीचा डंख कधी बसला होता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तज्ज्ञाने तयार ठेवलं होतं. त्याने कार्ड पुढे केलं. "मागच्या गुरुवारी. बारा. त्रास नाही."

मढं घरी आलं, गेलं. भाची लेकराला घेऊन आली ती कोरडी होती, रडून रडून कोरडी. पाचव्या दिवशी तज्ज्ञ चिमटाबाईच्या खोलीवर आला. चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला.

"मला कळलंय," तो म्हणाला. "झाडूवालीने सांगितलं, तुझी बहीण पाच महिने गावातच नव्हती. कार्ड खोटं आहे."

तिने त्याच्या चपलांकडे पाहिलं.

"पण कार्ड खरं राहू दे. खरं राहिलं तर काय होतं? नियमाने उपचार चालू होता, अंगाला अचानक सोसलं नाही, कुणाचा दोष नाही. खोटं म्हटलंस तर बहिणीला तू मारलीस. तू गप्प, मी गप्प. महिन्याभराने कामावर ये. हात चांगला आहे तुझा."

तो गेल्यावर तिने दार लावलं. त्याच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. कार्ड खरं ठेवावं तर ती सुटते, तो सुटतो. सुटत नाही ती भाची. कारण भाचीला माहीत होतं की आई पाच महिने तिच्याच घरी नातीला न्हाऊमाखू घालत होती. आणि भाचीने अजून एक शब्द विचारला नव्हता. ती वाट बघत होती.

चिमटाबाई चौकशी अधिकाऱ्याकडे आपल्या पायांनी गेली. लाकडी बाक, वर पंखा, टेबलावर फायलींचे ढीग. भाची बाहेर लेकराला खांद्यावर घेऊन उभी. चिमटाबाईने सगळं सांगितलं. कार्ड कसं भरलं, कशासाठी भरलं, बाराचा आकडा कुठून आला. मुक्या माश्या दोन, खऱ्या चार. मग एकच डंख लावते असं तिने म्हटलं होतं ते. किल्लीचं. चहाचं. पडद्याचं. सात मिनिटांचं. न बघता ठोकलेल्या पाच महिन्यांच्या सह्यांचं, तीन नातेवाइकांच्या फुकट जागांचं.

कार्डाचं बोलत होती तोवर अधिकारी भराभर लिहीत होता. किल्लीपाशी त्याने पेन खाली ठेवलं आणि कानात काडी घातली.

त्याने कागद पुढे सरकवला तेव्हा तिने वाचला. कार्डं भरून भरून तिला वाचायची सवय होती.

"यात किल्ली नाही."

"बाई, तुमचं तुम्ही सांगितलंत. त्यांचं ते सांगतील."

"ते सांगतील का?"

"विचारू त्यांना."

"सात मिनिटं मी घड्याळात बघितलीत."

"तुम्ही पाच महिने कार्डावर डंख बघितलेत. तुमच्या बघण्याला किती किंमत देऊ मी?" तो चिडलेलासुद्धा नव्हता. "सही करायची तर करा. नसेल करायची तर हेही लिहिलेलं नाही असं समजा, आणि जा घरी."

अर्धं लिहून घ्यावं की काहीच नाही, असा तो सौदा होता. गरिबाला सरकारी टेबलावर याहून मोठा सौदा मिळत नाही. तिने सही केली. सहीखाली उरलेल्या जागेत, बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं : किल्ली मालकाकडे होती. मागितली होती. सात मिनिटांनी दिली. अधिकाऱ्याने ते वाचलं, रबरी शिक्का शाईत बुडवला आणि नेमका त्या तीन ओळींवर ठोकला. शाई वाळल्यावर फक्त "मागितली" एवढंच दिसत होतं.

ती बाहेर आली. भाचीने लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"सांगितलंस, मावशी?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"झाडूवाली म्हणाली, तू त्याला एका डंखाचं बोललीस. तेव्हा हेही सांगायचं होतंस ना. आई गावात नव्हती म्हणून."

"हो."

"मग त्याने एकच लावायला दिला असता?"

चिमटाबाईने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आता बोलता आलं असतं. तो तसाही ऐकणारा नव्हता, असं म्हणता आलं असतं, आणि कदाचित ते खरंही असतं.

"बारा लावायची त्याची हिंमत झाली नसती," ती म्हणाली.

भाचीने मान हलवली, भाव विचारून पटल्यावर हलवतात तशी. लेकराने मावशीआजीच्या बोटाकडे हात केला होता. भाचीने तो मुठीसकट आपल्या पदराआड घेतला.

"आता घरी येऊ नकोस," भाची म्हणाली. "आईचं शिवणयंत्र तुझ्याकडे आहे ना, ते न्यायला मी माणूस पाठवीन."